एक्स१७ (काल्पनिक कण)

एक्स१७ हा अजून 'सापडला' असं म्हणता येत नाही असा कण. नावातला १७ म्हणजे त्याचं अंदाजे वस्तुमान, १७ एमईव्हीच्या आसपास (एमईव्ही हे एनर्जीचं माप, कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात), इलेक्ट्रॉनच्या साधारण ३३ पट. हंगेरीत डेब्रेत्सेनला अ‍ॅटोम्की नावाची न्यूक्लियर फिजिक्सची संस्था आहे, तिथल्या आत्तिला क्रास्नाहोर्काई आणि त्यांच्या टीमचा पेपर २०१६ मध्ये छापून आला आणि हे सगळं सुरू झालं.

प्रयोग तसा छोटाच. लिथियम-७ वर प्रोटॉन मारले की बेरिलियम-८ बनतं, पण त्याच्यात १८ एमईव्हीच्या वर जादा एनर्जी असते, ती टाकून देताना कधीकधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन भाराचा जुळा) यांची जोडी बाहेर पडते. त्या दोघांमधला कोन मोजायचा, बस. कोन वाढत जाईल तशा जोड्या कमी व्हायला पाहिजेत, पण १४० अंशांजवळ आकडा उलट वर चढलेला दिसला आणि तोही ६.८ सिग्माने (सिग्मा जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी), म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतका. त्यांचं म्हणणं असं की मध्ये एक जड कण तयार होतो, तो हळू चालतो आणि लगेच फुटतो, म्हणून जोडी एवढी फाकते.

२०१९ ला हेच हेलियम-४ वर केलं. तिथे एनर्जी जास्त म्हणजे कण जास्त वेगात, म्हणजे कोन कमी यायला हवा, आणि आलाही तसाच, ११५ अंशांच्या जवळपास, पण वस्तुमान काढलं तर परत १७ च! माझ्या मते या दाव्यात खरा दम इथेच आहे, कारण नुसती डिटेक्टरची गडबड असती तर ती एवढी हिशोबाने कशाला सरकेल.

मग डार्क सेक्टरवाले यात आले. डार्क सेक्टर म्हणजे आपल्या नेहमीच्या कणांशी अगदी जेमतेम संबंध ठेवणाऱ्या कणांची कल्पना, डार्क मॅटर, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, तोही त्यातलाच असू शकतो. एक्स१७ म्हणजे डार्क फोटॉन, प्रकाशाच्या कणाचा डार्क सेक्टरमधला भाऊ, असेल असं आधी वाटलं पण सर्न या युरोपातल्या मोठ्या प्रयोगशाळेच्या एनए४८/२ प्रयोगात पायॉन नावाच्या अल्पायुषी कणाच्या विघटनातून तसलं काही निघालं नव्हतं, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या जोनाथन फेंग वगैरेंनी २०१६ मध्येच प्रोटॉनला टाळणारा बोसॉन, म्हणजे बल वाहून नेणारा कण, सुचवला. माहीत असलेल्या चार बलांपलीकडचं 'पाचवं बल' वाल्या हेडलाइन्स तेव्हाच्या.

अडचण अशी की बहुतेक पुरावा एकाच लॅबचा. सर्नच्या एनए६४ ला काही मिळालं नाही. स्वित्झर्लंडच्या मेग-२ ने लिथियमवालाच प्रयोग करून २०२४ मध्ये सांगितलं की सिग्नल नाही, पण अ‍ॅटोम्कीचा दावा साफ खोडताही आला नाही, फरक दीडच सिग्माचा. इटलीत फ्रास्कातीला पॅडमे प्रयोगात उलटीकडून जातात, पॉझिट्रॉनचा झोत हिऱ्याच्या पातळ टार्गेटवर सोडायचा आणि झोताची एनर्जी थोडी थोडी बदलत बघायचं कुठे कण बनतो का. २०२५ मध्ये तिथे १६.९ एमईव्हीला एक बारीकसा उंचवटा दिसला, सगळा हिशोब धरून १.८ सिग्मा, शोध जाहीर करायला ५ लागतात.