ड्रॅगन व्हायचे असेल तर पिल्लापासून सुरुवात: रोलप्लेइंग खेळांतील मानवेतर वंशांची पार्श्वभूमी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र वठवायच्या, रोलप्लेइंग खेळाच्या टेबलावर नवा खेळाडू येऊन बसला की त्याला आधी विचारले जाते, ‘तू कोण होणार?’ आज या प्रश्नाला कासव, कावळा, यंत्रमानव किंवा चार हातांचा कीटक असे कोणतेही उत्तर दिले तरी सूत्रधाराला, म्हणजे डन्जन मास्टरला, फारसे नवल वाटत नाही. ही मोकळीक अलीकडची आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती या खेळाच्या पहिल्याच पुस्तिकेत छापलेली होती. पुढे ती काढून घेण्यात आली आणि नंतर हप्त्याहप्त्याने, प्रत्येक वेळी काही ना काही मोल लावून, परत देण्यात आली. माणसाखेरीज दुसरे काही व्हायचे तर खेळाडूने काय मोजायचे, या हिशेबाच्या अंगाने पाहिले तर हा पन्नास वर्षांचा इतिहास बराचसा उलगडतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून, टीएसआर या गायगॅक्स यांच्या छोट्या कंपनीतर्फे, तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपात बाहेर पडला. त्यात मानवाशिवाय ड्वार्फ (बुटके, दणकट खाणकरी), एल्फ (दीर्घायुषी वनवासी) आणि हॉबिट (टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतले बुटके लोक) एवढेच वंश तपशिलाने दिलेले होते. मात्र त्यांच्या पाठोपाठ एक छोटा परिच्छेद येतो: खेळाडूला जवळजवळ काहीही होऊ देण्यास हरकत नाही, फक्त त्याने दुबळ्या अवस्थेतून सुरुवात करून वर चढले पाहिजे, कुणाला ड्रॅगन व्हायचे असेल तर त्याने कोवळ्या ड्रॅगनपासून आरंभ करावा आणि पुढचे टप्पे सूत्रधाराने आधीच ठरवून ठेवावेत. एवढ्या थोडक्यात एवढा मोठा दरवाजा क्वचितच कुणी उघडला असेल. त्याच पुस्तिकेत मोलही सांगितले होते. ड्वार्फ लढवय्या म्हणून सहाव्या लेव्हलपर्यंतच, म्हणजे अनुभवाने चढायच्या पायऱ्यांपैकी सहावीपर्यंतच, जाऊ शके आणि हॉबिट चौथ्यापर्यंत. एल्फला लढवय्या म्हणून चौथ्या व जादूगार म्हणून आठव्या लेव्हलची मर्यादा होती. माणसाला वरची सीमाच नव्हती. अंधारात दिसणे, गुप्त दारे हुडकणे असले फायदे सुरुवातीला मिळत आणि त्यांची भरपाई कारकिर्दीच्या शेवटी करावी लागे. ज्यांचा खेळ चार महिन्यांत मोडे त्यांना हे मोल कधी चुकतेच करावे लागले नाही, ही या व्यवस्थेतली उघड फट होती.

सूत्रधारांना विचित्र पात्रांची धास्ती का वाटे, हे त्याआधीच्या एका प्रसंगावरून कळते. आर्नेसन मिनेसोटात 1971 च्या सुमारास ब्लॅकमूर नावाची मोहीम चालवीत होते आणि तिच्यातला एक खेळाडू सर फँग नावाचा व्हँपायर झाला. तो इतका बलवान होत गेला की इतरांचा टिकाव लागेना, आणि त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या एका खेळाडूला धर्मशक्तीने पिशाच्चांचा बंदोबस्त करणारा धर्मगुरू करण्यात आले. आज जगभर खेळला जाणारा क्लेरिक हा वर्ग असा जन्माला आला. एका अमानवी पात्राचा त्रास निवारण्यासाठी खेळाचा एक आधारस्तंभ उभा राहिला, ही गोष्ट जुने खेळाडू अजून चवीने सांगतात.

हॉबिट हा शब्द 1977 च्या सुमारास टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांच्या हक्कधारकांच्या आक्षेपामुळे गेला आणि त्याच्या जागी हाफलिंग आले. 1978 च्या खेळाडू हस्तपुस्तिकेत नोम (ड्वार्फांचे छोटे भाऊबंद), हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क (माणूस आणि दांडगट ऑर्क यांची संतती) धरून वंशांची यादी सातवर पोचली, पण मोकळीक मात्र आटली. लेव्हलच्या मर्यादा तक्त्यांत बांधल्या गेल्या; बहुतेक मानवेतरांना फक्त चोर म्हणून अमर्याद वाढता येई, तर हाफ-ऑर्कला मारेकरी म्हणून. 1979 च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी ‘राक्षस हेच खेळाडूचे पात्र’ या विषयावर स्वतंत्र टिपण लिहिले आणि अशी मागणी करणारे बहुतेक जण केवळ वरचढ ठरण्यासाठी ती करतात, असा निर्वाळा दिला. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. खेळणारे सगळे माणसेच असल्याने अमानवी मनाचा थांग त्यांना लागणार नाही, म्हणून खेळाचे जग मानवकेंद्रीच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पाच वर्षांपूर्वीच्या कोवळ्या ड्रॅगनचा विसर त्यांना कसा पडला, हे कोडेच आहे. 1981 च्या सोप्या आवृत्तीत तर वंश हाच व्यवसाय झाला: ड्वार्फ म्हणजे ड्वार्फ, मग तो लढवय्या की पुरोहित हा प्रश्नच उरला नाही.

या काळात खरे प्रयोग इतर खेळांनी केले. केन सेंट आंद्रे यांच्या ‘मॉन्स्टर्स! मॉन्स्टर्स!’ या 1976 च्या खेळात खेळाडूच राक्षस होऊन गावांवर चालून जात. 1978 च्या रूनक्वेस्ट या खेळात माणसे आणि इतर प्राणी यांची गुणवैशिष्ट्ये एकाच मापात दिलेली असल्यामुळे कोणतेही पात्र फारसा खटाटोप न करता खेळता येई. त्याच्या ग्लोरांथा या जगातली बदके, म्हणजे तलवार बांधून हिंडणारी बोलकी बदके, आजही चेष्टेचा आणि जिव्हाळ्याचा विषय आहेत. त्याच खेळाच्या ‘ट्रोलपॅक’ या 1982 च्या संचात ट्रोल या राक्षसी वंशाचा धर्म, त्यांचे खाणेपिणे, त्यांची शरीररचना आणि त्यांच्या संततीला भोवलेला शाप इतक्या बारकाईने मांडला होता की वाचणाऱ्याला ट्रोलांच्या बाजूने जग दिसू लागे. गायगॅक्स यांच्या मानवकेंद्री युक्तिवादाला मिळालेले हे सर्वांत चोख उत्तर होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

एम. ए. आर. बार्कर यांचे प्रकरण याहून वेगळे आहे. ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते, उर्दूचे जाणकार होते आणि 1951 मध्ये भारतात असताना त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या त्यांच्या 1975 च्या खेळातील टेकुमेल हे जग युरोपीय परीकथांना जवळजवळ शिवत नाही. तिथे कीटकासारखे पे चोई आहेत, सरड्यासारखे शेन आहेत आणि चार हात, चार पाय असलेले पिंपासारखे अहोग्या आहेत. त्याच बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची भलामण करणारी कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या पश्चात 2022 मध्ये टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केले. परक्या वंशांची एवढी श्रीमंत कल्पना करणाऱ्या माणसाविषयी ही नोंद टाळता येत नाही.

टीएसआरचा स्वतःचा बांध 1985 मध्ये फुटला. त्या वर्षीच्या पुरवणी ग्रंथाने ड्रो या भूगर्भवासी एल्फांना खेळाडूंसाठी खुले केले, 1988 मध्ये ड्रिझ्ट नावाचा ड्रो योद्धा कादंबरीत अवतरला आणि त्यानंतर प्रत्येक गावात दोन तलवारी घेतलेला एक सज्जन ड्रो असायचाच, अशी तक्रार सूत्रधार करू लागले. पण वेगळेपणाचा खरा अनुभव 1991 च्या डार्क सन या वाळवंटी जगातील थ्री-क्रीनने दिला. हा मँटिस या शिकारी कीटकासारखा, चार हातांचा, झोपेची गरज नसलेला प्राणी. त्याच्या मापाचे चिलखत मिळत नाही, कारण त्याचे कवच हेच त्याचे चिलखत. सोबत्यांना तो आपला कळप मानतो, त्यामुळे रात्रभर पहारा कोण देणार हा वाद मिटतो. मात्र एल्फांचे मांस त्याला रुचकर वाटते, आणि कळपात एल्फ असला तर पहारेकऱ्याकडे पाठ करून झोपायचे की तोंड करून, हा नवा वाद सुरू होतो. नियमांची दोन-तीन कलमे एवढी कथा निर्माण करतात तेव्हा वंश निवडण्याला अर्थ येतो.

1993 मध्ये एरवी शत्रू म्हणूनच भेटणाऱ्या गॉब्लिन, कोबोल्ड, नोल, मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा मानव) यांच्यासाठी स्वतंत्र ग्रंथ आला आणि 1994 च्या ‘कौन्सिल ऑफ वर्म्स’मध्ये खेळाडू ड्रॅगनच झाले, तेही पिल्लापासून वाढत. 1974 चे वचन वीस वर्षांनी फळाला आले. त्याच वर्षीच्या प्लेनस्केप या जगाने टीफलिंग, म्हणजे पाताळातील पिशाच्चांचे रक्त अंगात असलेली माणसे, दिली. पुढे एकसाची झालेली त्यांची शिंगे-शेपूट तेव्हा ठरलेली नव्हती. पूर्वजांतील पातालरक्त कुणाच्या डोळ्यांत दिसे, तर कुणाच्या कपाळावर.

सन 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलच्या मर्यादा रद्द केल्या आणि हिशेबाची बाजू बदलली: आता मोल शेवटी न घेता आरंभीच घ्यायचे ठरले. मिनोटॉर व्हायचे तर त्याचा दर्जा आठव्या लेव्हलच्या पात्राइतका धरला जाई, म्हणजे सोबत्यांची आठवी लेव्हल येईपर्यंत त्याला टेबलावर जागाच नव्हती. 2003 च्या ‘सॅव्हेज स्पीशीज’ने मिनोटॉर होण्याचेच टप्पे पाडून ही अडचण सोडवली. हिशेब बरोबर होता, पण त्यात मजा नव्हती; अर्धवट मिनोटॉर म्हणजे नेमके काय, हे कुणालाच धड सांगता येईना. पुढच्या वर्षी कीथ बेकर यांच्या एबेरॉन या जगातले वॉरफोर्ज्ड आले. युद्धासाठी घडवलेले आणि युद्ध संपल्यावर निरुद्योगी झालेले हे यंत्रमानव पहिल्या लेव्हलपासून खेळता येत, आणि तेच लोकांच्या मनात राहिले.

आपल्याकडच्या नावांची या खेळांत झालेली वाटचालही पाहण्यासारखी आहे. ‘राक्षस’ याच नावाचा प्राणी 1975 मध्येच आला, पण तो एका अमेरिकन भयमालिकेच्या वाटेने, आणि पुढे वाघाचे तोंड आणि उलटे पंजे घेऊन स्थिरावला. वानर हा खेळण्याजोगा वंश 2001 मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’मध्ये दाखल झाला. पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाच्या 2012 च्या वंशग्रंथात वानरांशेजारी नागाजी आणि चक्क विषकन्या आहेत. मुद्राराक्षसातली विषकन्या हे राजकारणाचे हत्यार होते, माणसाच्या हातून घडवलेले. इथे मात्र ती वेगळ्या रक्ताची आख्खी जमात झाली आहे. कल्पना म्हणून ती वाईट नाही, पण मूळ शब्दातली दाहकता त्यात हरवते.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनचे रूप असलेले मानवसदृश) आणि टीफलिंग यांना मुख्य पुस्तकात मानाचे पान दिले आणि नोमला राक्षसांच्या पुस्तकात ढकलले; त्यावर तेव्हाच्या प्रकाशक कंपनीनेच विनोदी जाहिरातपट काढला होता. 2016 मध्ये पाचव्या आवृत्तीच्या एका पुरवणीत केन्कू हे पंख गमावलेले कावळे आले. त्यांना स्वतःचा आवाज नव्हता. ऐकलेले शब्द आणि आवाज तेवढे उच्चारता येत. केन्कू खेळणाऱ्याला ‘दार उघडा’ म्हणायचे असेल तर पूर्वी कोण कुठे ते म्हणाले होते हे आठवावे लागे, आणि मग सराईच्या मालकिणीच्या आवाजात ‘दार’, पहारेकऱ्याच्या खर्जात ‘उघडा’, असे जोडकाम होई. काहींना हा जाच वाटला, काहींना त्यातच गंमत सापडली. 2022 च्या सुधारित ग्रंथात केन्कू सर्वांसारखे बोलू लागले. त्याआधी 2020 मध्ये कोबोल्ड आणि ऑर्क यांचे ताकद, बुद्धी यांसारखे गुण उणे करणारी कलमेही वगळली गेली होती, आणि वंशानुसार मिळणारे गुण हवे तिथे वळवण्याची मुभा मिळाली होती. मोल अखेर शून्यावर आले. गंमत अशी की 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी अँड डी बियॉन्ड या पात्रे बनवण्याच्या संकेतस्थळावरील आकडेवारीत सर्वांत जास्त पात्रे मानव लढवय्यांची निघाली होती.

गुण उणे करण्याला विरोध झाला त्यामागे ‘वंश’ या शब्दाचे ओझे होते. 2022 च्या स्पेलजॅमर या अंतराळी पुरवणीत हॅडोझी या वानरसदृश खलाशांची गुलामगिरीतून सुटकेची कथा आणि त्यासोबतचे चित्र कृष्णवर्णीयांविषयीच्या जुन्या विटंबनेची आठवण करून देणारे आहे, असा आक्षेप आला. प्रकाशकांनी क्षमा मागून तो मजकूर काढला आणि त्याच डिसेंबरात ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’, म्हणजे प्रजाती, हा शब्द वापरण्याचा निर्णय जाहीर केला. पाथफाइंडरने 2019 मध्येच गॉब्लिनला मुख्य पुस्तकात घेताना वंशाऐवजी ‘कुलपरंपरा’ अशा अर्थाचा शब्द पत्करला होता. 2024 च्या खेळाडू हस्तपुस्तिकेत दहा प्रजाती आहेत. 1978 मध्ये आत आलेला, 1989 मध्ये बाहेर काढलेला, 1993 मध्ये पुरवणीतून परतलेला, 2000 मध्ये पुन्हा मुख्य पुस्तकात बसलेला, 2008 मध्ये वगळून वर्षभराने परत घेतलेला हाफ-ऑर्क त्यांत नाही. त्याच्या जागी पूर्ण ऑर्क आहे.