जेम्सने राजमुद्रा थेम्समध्ये का टाकली?

इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स डिसेंबर १६८८मध्ये लंडनहून पळाला तो जीव वाचवायला, असं सहसा सांगतात. पण जाण्याआधी त्याने पार्लमेंटच्या निवडणुकीचे न पाठवलेले हुकूम जाळले आणि वाटेत राजमुद्रा थेम्स नदीत टाकली. मुद्रेविना रीतसर निवडणूक होणं अशक्य. विल्यमची फौज लंडनकडे येत होती (तो हॉलंडचा प्रोटेस्टंट शासक, जेम्सचा जावई, शिवाय भाचाही), तरी राजाला घाई होती ती निवडणूक मोडण्याची.

पार्लमेंटचं त्याला मुळात वावडं नव्हतं. १६८५च्या सभेने त्याला हयातभराचा महसूल बिनबोभाट मंजूर केला होता. पण जेम्स स्वतः कॅथलिक होता, देश प्रोटेस्टंट. सैन्यातल्या कॅथलिक अधिकाऱ्यांवर सभेने आक्षेप घेतला, तेव्हा नोव्हेंबरात त्याने ती तहकूब केली. ती पुन्हा भरलीच नाही. पैशाची अडचण नव्हती. पार्लमेंट हवं होतं ते कॅथलिकांना पदं नाकारणारे टेस्ट कायदे रद्द करायला, आणि तेही हातच्या माणसांचं. म्हणून शहरांच्या कारभारात फेरफार झाले. गावोगावच्या न्यायाधिकाऱ्यांना ‘कायदे रद्द करायला मत द्याल का?’ असं विचारून, नाही म्हणणाऱ्या कित्येकांना घरी बसवलं. सात बिशपांनी राजाच्या मनमानीला हरकत घेतली, तर त्यांच्यावर खटला. ज्यूरीने त्यांना सोडलं. आता या घरी बसवलेल्यांनीच निवडलेल्या सभेपुढे उभं राहायचं होतं.

विल्यमने ‘स्वतंत्र पार्लमेंट’ मागितलं, त्यातही एक खोच होती. १० जूनला जन्मलेल्या राजपुत्राची चौकशी या सभेने करावी, असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं. मूल राणीचं नाही, बिछाना गरम करायच्या भांड्यातून चोरून आणलंय, अशी वावडी होती. जेम्सने ऑक्टोबरात प्रसूतीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, तरी ती शमली नाही. १६४९मध्ये बापाचं डोकं उडवलं गेलं, ती धास्ती मनात होतीच. मला मात्र बाळाचा मुद्दा अधिक जड वाटतो: गादी आपली गेली तरी मुलाला मिळेल, ही आशा एका ठरावाने संपली असती. राणीला आणि बाळाला त्याने आधी फ्रान्सला धाडलं, मग स्वतः निघाला.

फेव्हरशॅमजवळ तो पकडला गेला, पण विल्यमला कैदी राजा नकोच होता. रॉचेस्टरहून दुसऱ्यांदा निसटताना त्याला कोणी अडवलं नाही.

२२ जानेवारी १६८९ला सभा भरली. राजाचा हुकूम नसल्याने तिला ‘कन्व्हेन्शन’ म्हणावं लागलं. २८ तारखेला हाउस ऑफ कॉमन्सने ठरवलं की जेम्सने गादी सोडली आहे. बाळाची चौकशी करण्याची गरजच उरली नाही.