नवरीचा खोपा घरच्या घरी: थोडी पार्श्वभूमी

लग्नात आपल्या केसांचा खोपा आपणच घालायचा, असं एखाद्या मुलीने ठरवलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पूर्वी सगळं घरीच व्हायचं, त्यात काय एवढं!" हे अर्धंच खरं आहे. खोपा घरी व्हायचा, पण तो नवरी स्वतः घालत नसे. तिला पाटावर बसवायचं आणि मागे मामी, आत्या नाहीतर शेजारची एखादी हात बसलेली काकू उभी राहायची. नवरीचं काम मान खाली घालून बसणं आणि ओढ बसली तरी "आई गं" न म्हणणं, एवढंच. घरचा खोपा जुना, स्वतःचा खोपा नवा. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पुढचा सगळा इतिहास चुकतो.

फार मागे जायचं तर अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एक चित्र आहे. राजकन्या हातात आरसा धरून उभी आहे आणि भोवती दासी. आरसा तिच्या हातात, बाकी सगळं काम इतरांच्या. संस्कृतात बांधलेल्या केसांना धम्मिल्ल, कबरी असे शब्द आहेत, पण ते आपल्या माजघरापर्यंत आले नाहीत. पेशवाईतून जे आलं ते केसांतल्या दागिन्यांच्या रूपाने: मूद, राखडी, केवडा, गोंडे. मूद म्हणजे भाताच्या मुदीसारखा फुगीर गोल दागिना. तो बसायला खाली घट्ट, सपाट पाया लागतो. तेव्हा खोप्याचा आकार हा निम्मा तरी सोनाराने ठरवलेला आहे असं मला वाटतं. दागिने मोडीत गेले, बँकेच्या लॉकरमध्ये गेले, तरी आकार राहिला.

नवरीच्या केसांना हात कुणी लावायचा, हेही ठरलेलं होतं: सुवासिनीने. मुलीच्या आईलाही वैधव्य आलं असेल तर तिने त्या दिवशी फणी हातात घ्यायची नाही. ज्या काळात विधवांचं केशवपन होत होतं त्या काळातली ही रीत. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी हे काम करायला नकार दिला होता. वस्तरा गेला, फणीवरचा निर्बंध मात्र पुष्कळ घरांत राहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावांत बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांची चर्चा झाली. नवरीच्या फणीची झाली नाही. पार्लरवालीला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. नवरीचे केस घराबाहेरच्या हातात गेले त्याचा हा एक फायदा, आणि तो कुणी मोजत नाही.

आता खोपा की अंबाडा. या एका प्रश्नावर मी सख्ख्या बहिणींना दोन दिवस अबोला धरताना पाहिलं आहे, म्हणून जरा थांबू.

खोपा म्हणजे मुळात घरटं, सुगरणीचं. खोप, खोपट ही त्याचीच भावंडं. म्हणजे विणलेला, आत पोकळी असलेला आकार. अंबाडा हा शब्द कोकणात आणि गोव्यात एका आंबट फळालाही आहे, आमटीत घालतात ते. त्याचा केसांशी संबंध जोडणारे विद्वान प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात. आमच्या घरातल्या बायकांचा हिशेब सोपा होता: पिळून गुंडाळला तो अंबाडा, दुमडून बसवला तो खोपा. अंबाड्यात केसांचा पेड आधी पिळायचा, मग मानेपाशी वेटोळं करून टोक खाली खोचायचं. खोप्याला पीळ नाही. केस सैल धरून वर दुमडायचे, मधोमध बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी पसरून अर्धचंद्र करायचा. म्हणून अंबाडा घट्ट आणि छोटा, खोपा रुंद आणि हलका. घाईत कसाबसा गुंडाळला तो बुचडा, आणि बुचडा या शब्दात थोडा अपमान आहेच. सासूने "काय हा बुचडा" म्हटलं की त्यात केसांपेक्षा सुनेबद्दल जास्त असतं.

विदर्भातल्या माझ्या मैत्रिणींना हा फरक मान्य नाही. त्यांच्याकडे सगळाच अंबाडा, आणि खोपा हा नुसता पक्ष्याचा. दुसरीकडे पार्लरच्या दरपत्रकात आता "खोपा" म्हणजे एकच गोष्ट: डोक्याच्या मागे मध्यावर बसवलेला, आत भरण घातलेला, भोवती मोगऱ्याची अर्धी कड असलेला चंद्राकार. त्याच्या आधी "पेशवाई" हे विशेषण. आणि अंबाडा म्हटलं की साधा, स्वस्त, आईने घालायचा. म्हणजे घरात जो फरक हाताच्या हालचालीचा होता, तो बाजारात किमतीचा झाला. त्यात नव्वदच्या दशकापासून हिंदी मालिकांतून "जुडा" आला, मग "बन" आला, आणि आता "मेसी बन" नावाने तोच बुचडा पैसे देऊन घालून घेतात. सासूबाई असत्या तर.

माझं मत मी लपवत नाही: पीळ नाही तो खोपा. आणि हा नुसता शब्दांचा वाद नाही. स्वतःच्या हाताने, मागे न बघता, पिळलेला अंबाडा घालता येतो. रोज लाखो बायका घालतात. दुमडून पसरायचा खोपा न बघता बसत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे बोटांना कळत नाही. "पूर्वी आम्हीच आमचा घालायचो" म्हणणारी आजी अंबाड्याबद्दल बोलत असते आणि नात खोप्याबद्दल ऐकत असते.

साठ-सत्तरच्या दशकात गंगावन, म्हणजे आपल्या केसांत गुंतवायचा जोडकेसांचा झुबका, घराघरांत होतं. आधी खऱ्या केसांचं, मग नायलॉनचं. कपाटात तेलकट कागदात गुंडाळलेलं ते गंगावन लहानपणी पाहिलंय आणि दचकलेही आहे. ते गुंतवायला दोन हात, धरायला तिसरा, म्हणजे पुन्हा कुणीतरी मागे हवंच. ऐंशी-नव्वदमध्ये गल्लोगल्ली पार्लरं निघाली, बरीचशी कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत. त्याच सुमारास केस आखूड झाले, स्टेप कट आला. पुढे स्मूथनिंग आलं आणि केस इतके गुळगुळीत झाले की त्यांत आकडा ठरेना. पूर्वीची नवरी हळद उतरवून न्हायलेली असायची, पण ओल्या केसांना खोबरेल तेल लावून चोपून बसवलं की केस एकमेकांना धरायचे. आताच्या शांपूने धुतलेल्या कोरड्या केसांना धरायला काही नाही. म्हणून आधी टोकं कुरळी करा, मुळाशी उलटा कंगवा फिरवा, पावडर टाका, स्प्रे मारा. हे सगळं त्या हरवलेल्या चिकटपणाची भरपाई आहे.

मग २०१२ साली एका समाजसुधारक स्त्रीच्या बालपणापासूनची मराठी मालिका आली, २०१५ च्या डिसेंबरात पेशव्यांवरचा भव्य हिंदी चित्रपट. दोन्हींत नऊवारी, नथ आणि बांधलेले केस. त्यानंतरच्या लग्नांचे अल्बम काढून बघा. शिवलेली नऊवारी याच काळात रुळली, पायजम्यासारखी चढवायची, चेन लावायची. नऊवारी नेसवणारी बाई लागेनाशी झाली. तयार, चिकटवायचा खोपाही त्याच दुकानात, त्याच काउंटरवर आला. परदेशातल्या मराठी मुलींच्या सामानातून तो बे एरिया आणि लंडनपर्यंत जातो, कारण तिथे खोपा घालणारी शोधायची म्हणजे महिनाभर आधी दहा जणींना विचारायचं.

पण "स्वतः" हा शब्द यात खऱ्या अर्थाने आला तो करोनात, आणि तो नियमांमुळे आला. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांची मुभा होती, पण सलून आणि पार्लर बंद. महाराष्ट्रात ती २८ जूनपासून उघडली, तीही अटी घालून: आधी वेळ ठरवून, आणि केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग वगैरेच, त्वचेशी संबंधित काहीही नाही. म्हणजे नवरीचे केस चालतील, चेहरा चालणार नाही. केस कापणं यादीत होतं, केस बांधणं त्या "वगैरे"मध्ये धरायचं की नाही, यावर आमच्या भागातल्या दोन पार्लरवाल्यांची दोन मतं होती. एक म्हणे कात्री चालते तर आकडा का नाही. दुसरी म्हणे खोपा घालायला पाऊण तास तोंडापाशी तोंड येतं, मी नाही करत. मला दुसरीचं पटलं होतं, पण लग्नघरात ते कुणाला पटवायचं!

गंमत म्हणजे चेहरा आणि केस अशी फाळणी आपल्याकडे आधीही झालेली आहे. मुंबईच्या सिनेसृष्टीतल्या एका संघटनेच्या नियमांनुसार मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त केशरचना. ती अट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द केली. लग्नाच्या बाजारात मात्र एकच बाई दोन्ही करायची, पॅकेजही एकच. २०२० ने ते पॅकेज फोडलं.

२०२१ आणखी कडक होतं. ५ एप्रिलपासून पार्लर पुन्हा बंद, आणि २२ एप्रिलपासून लग्नाला २५ माणसं, एकाच हॉलमध्ये एकच कार्यक्रम, तोही दोन तासांत. मोडलं तर ५०,००० रुपये दंड. जिल्हा ओलांडायलाही बंधनं. माझ्या मामेबहिणीचं लग्न त्याच मे महिन्यात साताऱ्याला, घराच्या अंगणात झालं. केस करणारी मुलगी पुण्याची, ती येऊ शकली नाही. मीही पुण्यातच. मामीला व्हिडिओ कॉलवर धरलं, पण तिचे हात संधिवाताने धरलेले; फोन तेवढा धरता येईल म्हणाली. मग नवरीनेच घातला.

भरणासाठी भावाचा नवा काळा पायमोजा, पंजाकडचा शिवलेला भाग कापून, गुंडाळी करून केलेलं कडं. आधी मध्यावर घट्ट पोनी; सगळं वजन त्या रबराने पेलायचं असतं, आकड्यांनी नाही. कडं त्यात ओवायचं, केस त्यावरून पसरून खाली वळवायचे, वरून आईची जुनी जाळी. यू-पिन कशी घालायची हे मला फोनवरून सांगता येईना. ती सरळ खुपसायची नसते. खोप्याच्या कडेचे थोडे केस उचलायचे, मग पिन उलटी फिरवून डोक्याच्या कातडीला लागून आत सारायची. मी म्हणत होते "उजवीकडे", ती आरशातलं उजवं घेत होती, मामी फोन फिरवत होती आणि मला मध्येच छताचा पंखा दिसत होता. शेवटी ती म्हणाली, "ताई, तू गप्प बस, मी डोळे मिटून करते." डोळे मिटून केला तेव्हाच बसला.

बसला, पण मुंडावळ्या बांधताना कळलं की त्यांची मागची गाठ खोप्याच्या वरून घ्यायची की खालून, याचा विचार कुणी केलाच नव्हता. वरून घेतली आणि खोपा डावीकडे कलला. शेवंतीची वेणी त्यावर जड झाली असती म्हणून नुसता मोगऱ्याचा गजरा माळला. मे महिना, शेवंती मिळणारही नव्हती. सिंधुदुर्गात असतो तर सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळाले असते का, हे मामी अजून विचारते. मंगलाष्टकं होईपर्यंत नवरीचा खोपा समोरून कुणाला दिसत नाही. मागे उभ्या मामालाच दिसतो, आणि या लग्नात त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं.

अशी लग्नं त्या दोन उन्हाळ्यांत किती झाली याची कुठे नोंद नाही. पण त्यानंतर दोन गोष्टी बदललेल्या दिसतात. लग्नाच्या चार दिवस आधी घरी एकदा "ट्रायल" घेऊन बघायची आणि मुंडावळ्यांसकट बघायची, ही नवी रीत झाली. जुन्या रीतीत आधी बघण्याचा प्रश्नच नव्हता, हात बसलेला असायचा. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरने दरपत्रकात पूर्वी नसलेल्या दोन ओळी वाढवल्या आहेत: "फक्त साडी" आणि "फक्त केस". त्याखाली बॉलपेनने तिसरी ओळ लिहिलेली आहे: "घरी येऊन फक्त मागची बाजू". तिचा दर लिहिलेला नाही, विचारावा लागतो.