काल्पनिक कालयंत्राची पुस्तिका लिहिलीत? कॉपीराइट नोंदणी अशी करा

काटा २०१५च्या सिंहस्थावर अडकला तर कोणती कळ दाबायची, रामकुंडावर उतरताना काय जपायचं, अशी कालयंत्राची काल्पनिक वापरपुस्तिका कुणी लिहिली की पहिला प्रश्न पेटंटचा येतो. ते मिळणार नाही. निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा पेटंट कायदा, १९७०च्या कलम ३नुसार शोधच ठरत नाही.

लिखाणाला मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ संरक्षण देतो. फक्त लिखाणाला, कल्पनेला नव्हे. भूतकाळात नेणारं यंत्र कुणीही कल्पू शकतं. तुमची आहेत ती तुमची वाक्यं. दहा ओळींचा आराखडा नोंदवलात तर संरक्षण त्या दहा ओळींपुरतंच. म्हणून बिघाड आणि दुरुस्तीची प्रकरणं आधी पूर्ण लिहून काढा, घाई करू नका. हक्क लिहिल्याक्षणीच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही करा, असंच मी सांगेन. उद्या वाद कोर्टात गेला, तर नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते.

अर्ज लेखक, प्रकाशक किंवा हक्काचा मालक करू शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात मॅन्युअल लिहिणं हीच तुमची नोकरी असेल, तर एक लक्षात घ्या: कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. घरी, स्वतःच्या हौसेनं लिहिलेली पुस्तिका तुमचीच.

अर्जासाठी दिल्लीला जावं लागत नाही. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म १४ आणि त्यासोबतची तपशीलपत्रकं भरायची. साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. ते परत मिळत नाही. सोबत पुस्तिकेची प्रत लागते. प्रकाशक दुसरा असेल तर त्याचं ना-हरकत पत्र, वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. यंत्राच्या आकृत्या दुसऱ्यानं काढल्या असतील, तर त्यांचा हक्क त्या चित्रकाराचा. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण आधीच घ्या. मैत्रीत हे हमखास राहून जातं.

अर्ज दाखल झाला की डायरी क्रमांक मिळतो. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. हरकत आली, तर दोन्ही बाजू ऐकून निबंधक निर्णय देतात. नाही आली, तर अर्ज तपासणीला जातो. त्रुटी निघाल्यास पत्र येतं, म्हणून अर्जावरचा ईमेल रोज पाहत जा.