जन्मगावाच्या रकान्यातलं बिऱ्हाड

एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या जनगणनेत शेतमजुराचं कुटुंब सापडलं, की आधी जन्मगावाचा रकाना वाचावा. ॲबर्डीनशरमधल्या नांगरगड्याच्या घरी थोरली मुलगी फायव्ही पॅरिशची (पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग), मधला मुलगा मेथलिकचा, धाकटा टार्व्हिसचा, अशा धाटणीच्या नोंदी नेहमीच्या. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला हा घोळ वाटतो, पण त्या घराची सगळी फिरती त्यातच उतरलेली असते.

लग्न झालेला गडी बहुधा वर्षाच्या बोलीवर राही, सडाफटिंग सहा महिन्यांच्या. गडी ठरवायला बाजार भरत. बोली मे महिन्यातल्या व्हिटसंडेला किंवा नोव्हेंबरातल्या मार्टिनमसला, म्हणजे करार बदलण्याच्या ठरलेल्या दोन दिवसांपैकी एकाला, संपे. घर शेतमालकाचं, त्यामुळे काम सुटलं की डोक्यावरचं छप्परही सुटे. मजुरीचा बराच भाग ओटचं पीठ, बटाटे, दूध असा जिनसांत मिळे. आग्नेय स्कॉटलंडमधल्या लोदियन आणि बॉर्डर्स भागात तर शेतात राबायला एक बाई देणंही गड्याच्याच माथी असे. घरातली नसेल, तर परकी मुलगी ठेवून तिला जेवूखाऊ घालावं लागे. म्हणून त्या भागातल्या गड्याच्या खोपटात ‘नोकर’ म्हणून एखादी तरुणी नोंदलेली दिसली, तर कुटुंब सुखवस्तू होतं असं समजू नये.

जनगणना 1801 पासून होत होती, पण सरसकट नावानिशी नोंद 1841 ची. तीही त्रोटक: मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली, नातं लिहिलेलंच नाही. नातं, नेमकं वय आणि जन्माची पॅरिश 1851 पासून आली. तारखांकडेही लक्ष द्यावं. 1841 ची गणना 6 जूनला झाली, पुढची 30 मार्चला आणि 1861 ते 1891 च्या चारही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे 1851 पासूनच्या गणना व्हिटसंडेच्या ऐन तोंडावर. कागदावरचं ते घर दोन महिन्यांच्या आत रिकामं झालेलं असू शकतं.

1861 पासून स्कॉटलंडची गणना एडिंबरातून होऊ लागली आणि खिडकी असलेल्या खोल्या मोजल्या गेल्या. देशातली सुमारे एक तृतीयांश कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. आठ माणसांच्या नावांपुढे तो ‘1’ आकडा पाहिला की पुढची ओळ लगेच वाचवत नाही.

बायकांचं काम मात्र या वह्यांत फारसं उमटलं नाही. दूध काढणारी, सलगम खुरपणारी बाई नुसती ‘नांगरगड्याची बायको’. घरात नातवंड असेल, तर ते बरेचदा अविवाहित लेकीचं असे, कारण ॲबर्डीनशरसारख्या ईशान्य भागात अशा जन्मांचं प्रमाण मोठं होतं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दिसत नसेल, तर त्याला शेजारच्या पॅरिशमधल्या शेतांवर शोधावं, तिथल्या गड्यांच्या खोलीत. त्याचं लग्न 1855 पासून पुढे झालं असेल, तर सरकारी विवाह नोंदणीत आईचं माहेरचं नावही मिळतं.