वैनगंगेच्या दोन तीरांवरची दारू

वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामधून वैनगंगा वाहते. वडसा गडचिरोली जिल्ह्यात, ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात. एका तीरावर १९९३ पासून दारूबंदी. दुसऱ्या तीरावर २०१५ पर्यंत दारू सुरू, मग सहा वर्षं बंद, २०२१ पासून पुन्हा सुरू. नशेच्या पदार्थांना कायद्याने मोकळीक दिली तर हाणामाऱ्या आणि संसाराची धूळधाण कमी होईल का, यावर शहरात वाद रंगतो तेव्हा अमेरिका आणि पोर्तुगालचे दाखले दिले जातात. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, माणसाला एवढ्या लांब जायची गरज नाही. पूल ओलांडला की झालं.

इथे दारू बाहेरून आलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, फुलं वाळवून घरात भरून ठेवतात. ती खायलाही असतात, विकायलाही आणि गाळायलाही. गोंड आणि माडिया घरांत जन्म, लग्न, मरण, देवकार्य यांत मोहाची दारू लागते. आधी देवाला शिंपडायची, मग माणसांनी घ्यायची. इंग्रजांच्या आबकारीने हे घरचं गाळणं गुन्हा ठरवलं आणि भट्ट्यांचे मक्ते लिलावात काढले. म्हणजे आपल्याकडची पहिली बंदी पिण्यावर नव्हती, कर न भरता पिण्यावर होती. विदर्भात देशी दारूच्या सरकारमान्य दुकानाला लोक आजही ‘भट्टी’ म्हणतात.

गांजाची गोष्ट त्याहून वेगळी आणि जवळजवळ विसरलेली. बुलढाणा-अमरावतीला लागून असलेल्या निमाडात, खंडव्याच्या परिसरात, सरकारी परवान्याने गांजा पिकायचा आणि सरकारमान्य दुकानांतून विकला जायचा. गांजा-भांगेने माणसं वेडी होतात, गुन्हे वाढतात, अशी ओरड झाल्यावर १८९३ मध्ये सरकारने आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सांगितलं की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही. बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा. या आयोगाचं नाव आज गांजा मोकळा करा म्हणणारे हटकून घेतात. पण आयोग नेमणाऱ्या सरकारला गांजावर करही मिळत होता, हे त्यातले बरेच जण सांगत नाहीत. पुढे १९६१ चा अमली पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारताला गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची सवलत मिळाली आणि १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने दुकानं संपली. भांगेची पानं कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. गांजा काही संपला नाही. ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतून येतो आणि नागपूरमार्गे पुढे जातो, फक्त त्याचा हिशेब आता पोलिसांच्या जप्तीत सापडतो.

दारूच्या नैतिक विरोधाने जोर धरला तो गांधीजींच्या काळात. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहायला आले. १९३७ ला मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि पुढच्याच वर्षी दारूबंदीचा कायदा झाला. गाडगेबाबांचं कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी यांनी हीच गोष्ट कायद्याविना गावोगाव नेली. माझ्या मते तिचा परिणाम कायद्यापेक्षा खोल होता. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमात नशाबंदी हे राज्याचं उद्दिष्ट म्हणून लिहिलं गेलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, तिथे १९४९ चा कडक दारूबंदी कायदा होता. तो कायदा आजही आहे. भट्टीचा आणि बारचा परवाना दारूबंदी कायद्याखालीच मिळतो, पिणाऱ्यालाही कागदोपत्री परवाना लागतो. यावर हसायचं की रडायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

मुंबईत त्या बंदीने हातभट्टीवाल्यांचे अड्डे पोसले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या बंदीच्या वर्षांत जे झालं, त्याचीच ही देशी आवृत्ती. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी ढिली पडत गेली. मात्र त्यांच्याच काळात, १९७४ मध्ये, गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्धा कोरडा झाला. वर्धा कागदावर कोरडा आहे, असं वर्धेकरच सांगतात. शेजारी नागपूर आणि यवतमाळ असताना दुसरं काय होणार?

गडचिरोलीची बंदी वेगळी होती, कारण ती खालून आली. १९८२ मध्ये चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला. १९८७ पासून डॉ. अभय आणि राणी बंग, त्यांच्यासोबत कार्यकर्ते आणि गावच्या बाया यांनी दारूमुक्तीचं आंदोलन चालवलं आणि सहा वर्षांनी शासनाला बंदी लागू करावी लागली. चंद्रपुरात हेच काम श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने झालं. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव दिले. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, थंडीत, धानाचं काम मागे टाकून. समिती नेमली गेली, तिने बंदीच्या बाजूने अहवाल दिला, तो पडून राहिला आणि शेवटी १ एप्रिल २०१५ ला दुकानं बंद झाली.

पुढची सहा वर्षं खरी अभ्यासण्यासारखी आहेत. वर्धा नदीपलीकडचं वणी आणि नागपूरच्या हद्दीतली दुकानं तेजीत आली. पव्वा दुप्पट-तिप्पट भावाने घरपोच मिळू लागला. त्यात बनावट किती ते पिणाऱ्यालाही कळेना. गुळाच्या सडव्यात, म्हणजे गाळण्यासाठी आंबवलेल्या मिश्रणात, नवसागर आणि युरिया टाकणारे वाढले. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर तस्करांनी गाडी घातली आणि त्यांचा जीव गेला. त्या बातमीने अनेकांचं मत फिरलं. २०२१ मध्ये माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आला आणि २७ मे रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारणं दिली ती अशी: अवैध दारू बोकाळली, गुन्हे वाढले, बायका-मुलंही या धंद्यात ओढली गेली. महसूल बुडाल्याची चर्चा तर सारखी होतीच.

माझा आक्षेप इथे आहे. बंदीतली हिंसा रस्त्यावर होते, तिचा गुन्हा नोंदवला जातो, गाडीचा नंबर असतो, पंचनामा असतो. भट्टी सुरू असतानाची हिंसा घरात होते. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी मजुरीचे पैसे हिसकले जातात, पोळ्याच्या रात्री डोकं फुटतं, सकाळी बाई ‘पडली’ म्हणून सांगते. ते ठाण्यात जात नाही. बंदी आणि परवाना यांची तुलना ठाण्यातल्या आकड्यांवर केली, तर परवाना जिंकणारच. दारू कायदेशीर केली की विषारी दारू थांबते, हेही पूर्ण खरं नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत, जिथे दारू खुली आहे, मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. दुकानातली बाटली ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हातभट्टी दोन्हीकडे असते.

पोर्तुगालचा दाखलाही अर्धाच दिला जातो. २००१ मध्ये त्यांनी विक्री मोकळी केली नाही. स्वतःपुरता माल जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समितीपुढे नेलं आणि उपचारांवर पैसा घातला. विकणारा तिथे अजून गुन्हेगारच आहे. आपल्याकडे उलटं चाललंय: विकणाऱ्याला परवाना द्यायचा आणि पिणाऱ्याच्या उपचाराची व्यवस्था जिल्ह्याच्या गावाबाहेर शोधून सापडत नाही. बंदीचंही तेच. खर्रा बघा. २०१२ पासून गुटखा बंद आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकवर घोटून दिलेला खर्रा प्रत्येक पानठेल्यावर मिळतो, शाळेच्या वाटेवरसुद्धा.

जिल्ह्याच्या बंदीशिवाय आणखी एक वाट कायद्यात आहे. गावातल्या बायांनी मागणी केली तर मतदान होतं, निम्म्याहून अधिकांनी ‘आडवी बाटली’ केली, म्हणजे बंदीच्या चिन्हाला मत दिलं, की गावची भट्टी बंद. आणि आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारू बंद करायचा किंवा तिच्यावर नियम घालायचा अधिकार दिला आहे. ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा. देवापुरती मोहाची राहू द्यायची, विकायची नाही, असंही एखादी ग्रामसभा ठरवू शकते. पण गडचिरोलीत जिल्हाभर बंदी असल्याने या ‘किंवा’ला जागा उरत नाही.

२०२१ मध्येच, चंद्रपूरची बंदी उठली त्या महिन्यात, राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे जुने निर्बंध काढले. तेव्हापासून फुलांचं पोतं उघडपणे बाजारात नेता येतं. त्याच फुलांचा सडवा वडशाच्या बाजूला घातला तर गुन्हा. आणि पुलापलीकडे ब्रह्मपुरीत बाटलीबंद देशी दुकानात मिळते, मोहाची मात्र तिथेही परवान्याशिवाय गाळता येत नाही.