कुल्फीने घसा धरत नाही

तलावपाळीवर कुल्फी खाल्ली की दुसऱ्या दिवशी घसा धरणारच, हे ठाण्यात घरोघरी ऐकू येतं. तसं नसतं. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो, आणि ते सकाळच्या भरगच्च लोकलमध्ये शेजारच्या खोकणाऱ्याकडून आयते मिळतात. उलट गार खाल्ल्याने सुजलेला घसा जरा बधिर होतो, बरं वाटतं. (गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा, ही काळजी वेगळी; ती पोटाची.) पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या जरूर करा. ठणका कमी होतो, विषाणू मरत नाहीत. कढत पाणी नकोच, घसा पोळतो. मध खोकल्याला चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका. बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा, धोका असतो. लाळही गिळवत नसेल तर डॉक्टर गाठा.